खुद्द

कब्जेपावतीवरची सही माझी आहे. अक्षरही माझंच. जून १९७८ ची तारीख, आणि खाली ठराविक मजकूर: जागेवर जाऊन, चतुःसीमा दाखवून, पंचांसमक्ष जमिनीचा प्रत्यक्ष कब्जा दिला व तो घेणाराने घेतला. त्याखाली डाव्या अंगठ्याचा ठसा आणि दोन पंचांच्या सह्या.

या कागदाची नक्कल तीन वर्षांपूर्वी एका तरुणाने माझ्या घरी आणली. माहितीच्या अधिकारात काढली होती. त्याने पाणीसुद्धा न घेता विचारलं, "साहेब, ही सही तुमचीच ना?" मी हो म्हणालो. "मग आमचं शेत दाखवायला चला. चतुःसीमा तुम्हीच दाखवल्या होत्या."

मला दाखवता येणार नव्हतं. त्या जागेवर मी गेलोच नव्हतो.

मी तलाठी म्हणून लागलो तो १९७७ साली. बावीस वर्षांचा होतो. भीमेच्या खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यात चार गावांचा सजा मिळाला. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा, पण त्याला खरी धार आली ती सुधारणेनंतर, २ ऑक्टोबर १९७५ पासून. जिरायतीला कुटुंबामागे ५४ एकर, बारमाही पाण्याच्या बागायतीला १८ एकर. त्यावरची जमीन अतिरिक्त ठरवून सरकारजमा करायची आणि भूमिहीनांना वाटायची. माझ्या सजातल्या मोठ्या गावात एकाच वाड्याची जमीन अतिरिक्त निघाली होती. कोणती जमीन ठेवायची हे निवडायची मुभा खातेदाराला असते, त्यामुळे बहुतेक माळच आला होता. फक्त एक तुकडा चांगला होता, ओढ्याकाठचा, तीन एकरांचा. वाड्यावरच्या अण्णांनी तो १९७२ मध्ये पुतण्याच्या नावे करून दिला होता. पण २६ सप्टेंबर १९७० नंतरचे असे व्यवहार कायदा चुकवण्यासाठी केलेले धरायचे, अशी तरतूद होती. चौकशीत तो व्यवहार टिकला नाही. तुकडा परत हिशोबात आला आणि मातंग वस्तीतल्या एका भूमिहीन कुटुंबाला मिळाला. हा तरुण त्याच कुटुंबातला नातू.

कब्जे द्यायच्या दिवशी काय झालं, ते जसंच्या तसं सांगतो. महिनाअखेरीचा अहवाल तालुक्याला जायचा होता. सर्कलसाहेब जीपने आले होते. मिरगाचा पहिला पाऊस पडून गेलेला, रानात चिखल. अकरा लाभार्थी, अकरा तुकडे, गावाच्या तीन दिशांना पसरलेले. एकाही तुकड्याची पोटहिश्श्याची मोजणी झालेली नव्हती. साहेब म्हणाले, पावत्या इथेच उरकून घ्या, मोजणी झाली की हद्दी दाखवू. "इथेच" म्हणजे वाड्याच्या सोप्यावर. माझं दप्तर तिथेच असायचं. गावात चावडीची खोली पडकी होती म्हणून अण्णांनी मला वाड्याच्या बाजूची खोली दिली होती. भाडं घेत नव्हते. दोन वेळचं जेवण आतून यायचं. मी कधी कोणाकडून पैसे घेतले नाहीत, हे मी पुढची पस्तीस वर्षं अभिमानाने सांगत आलो. त्या जेवणाचा हिशोब त्यात मी कधी धरला नाही.

कोतवालाने लोक बोलावून आणले. ते पायरीखाली उभे राहिले. मी सोप्यावर बसून एकेकाचं नाव पुकारलं, शाईच्या गादीवर अंगठा टेकवला, कागदावर दाबला. ओढ्याकाठच्या तुकड्याचा माणूस आला तेव्हा त्याची बायको मागे, लिंबाखाली, काखेत पोर घेऊन उभी होती. अंगठा दिल्यावर त्याने शाई धोतराला पुसली नाही. बोट तसंच वर धरून विचारलं, "भाऊसाहेब, शेत कंचं त्ये दावता न्हवं?"

"मोजणी झाली की दाखवू," मी म्हणालो.

अकरा पावत्यांना दीड तास लागला. साहेबांनी पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं. संध्याकाळी सोप्यावर मला चहा आला आणि अण्णा म्हणाले, "जमीन सरकारची झाली, पण नांगर आमचाच चालू राहील मोजणीपर्यंत. पडीक ठेवून काय करायचं?" मी मान हलवली. माझ्या नोकरीतला सगळ्यात महाग होकार तोच.

इथे मला माझ्या आजोबांबद्दल सांगावं लागेल. त्याशिवाय माझी चूक नेमकी काय होती ते कळणार नाही.

आजोबा कूळ होते. दुसऱ्या तालुक्यातल्या एका सावकाराची चार एकर जमीन ते अर्धेलीने कसत. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. नुसतं मानून भागत नव्हतं. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे जायचं, कलम ३२-ग खाली किंमत ठरवून घ्यायची, ती आकाराच्या वीस ते दोनशे पटीत असायची, ती भरायची, मग ३२-म चं प्रमाणपत्र मिळायचं. कित्येक कुळांनी मालकाच्या दबावाने जबाबात लिहून दिलं की आम्हाला जमीन घ्यायची नाही. त्यांची जमीन गेली. आजोबांनी तसं लिहून दिलं नाही. सावकार म्हणाला, हा माझा गडी आहे, कूळ नाहीच. तेव्हा कामी आली ती पीकपाहणी. जुन्या बारा नंबरात जमीन करणाराचं नाव आणि शेजारी 'रीत' असा रकाना असायचा. रीत १ म्हणजे स्वतः कसणारा, रीत २ म्हणजे आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून, रीत ३ म्हणजे दुसऱ्याकडून, कुळाकडून. सावकाराचा दरारा असताना कोणा तलाठ्याने सलग वर्षं आजोबांचं नाव लिहून पुढे ३ चा आकडा टाकला होता. ते नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नाही. त्या आकड्यावर आजोबा जिंकले.

मग त्या चार एकरांत वडिलांनी विहीर खोदली. सोसायटीचं कर्ज त्यांच्या नावावर निघालं, बैलजोडी आली, मळ्यात कांदा आणि गहू झाला, मी मॅट्रिक झालो. ग्रामीण विकास हा शब्द मी पुढे सरकारी परिपत्रकांत हजार वेळा वाचला. मला तो शब्द वाचला की आमच्या विहिरीची मोट आणि ट्रंकेतलं ३२-म चं प्रमाणपत्र आठवतं. जमीन सुधारणा कागदावर राहिल्या, त्यांनी काही झालं नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. मी स्वतः त्या सुधारणांतून उभा राहिलेला माणूस आहे. आणि तोच रकाना माझ्या हातात आला तेव्हा मी तो असा भरला.

पीकपाहणी शेतावर जाऊन करायची असते. आधी गावाला कळवायचं, पोलीस पाटील, सरपंच, आजूबाजूचे खातेदार बरोबर घ्यायचे, गटागटात फिरायचं, दिसेल ते लिहायचं. मी रस्त्याकडेचे गट बघायचो आणि आतले सोप्यावर बसून भरायचो. ओढ्याकाठच्या तुकड्यात शाळू अण्णांचा होता, पाभर अण्णांची होती, राखण अण्णांच्या गड्याची होती. मी लिहिलं: जमीन करणाराचे नाव, खुद्द. रीत १. पीक, ज्वारी. १९७८ ते १९८२, माझ्या मुदतीतली चारही वर्षं तेच. त्या काळी मी मनाशी म्हणायचो की यात गरिबाचं भलंच आहे, निदान कागदावर तरी वहिवाट त्याची राहील. ही समजूत मी खरी मानत होतो. ती खरी वाटावी म्हणून मी शेतावर जात नव्हतो, हे मला खूप उशिरा कळलं.

कायद्याने मला रस्ता दिलेला होता. १९७१ च्या अधिकार अभिलेखाच्या नियमांत चौदा नंबरचा फॉर्म आहे. (पाणीपुरवठ्याच्या साधनांचा गाव नमुना चौदा वेगळा, हा वेगळा. नवे तलाठी आजही गोंधळतात.) हक्क एकाचा आणि ताबा दुसऱ्याचा दिसला, तर तलाठ्याने या फॉर्मवर तहसीलदारांना कळवायचं, मग तहसीलदार चौकशी करतात. चार वर्षांत एक फॉर्म भरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. अण्णांचे हात लांब होते. पण कुठेतरी, कोणत्या तरी दप्तरात, खरं काय होतं ते माझ्या अक्षरात राहिलं असतं.

बदली झाली, मी गाव सोडलं. अकरांपैकी चौघांनी नंतर एकजुटीने आपापले तुकडे ताब्यात घेतले. त्यांच्यात एक जण मिलमध्ये काम करून आलेला होता, त्याला अर्ज लिहिता येत. रोजगार हमीतून त्यांच्या माळावर ताली पडल्या, माती धरली. त्यांतल्या एकाच्या मुलाची आज डाळिंबाची बाग आहे, त्याच मुरमाड माळावर. ओढ्याकाठच्या माणसाला हे जमलं नाही. तो एकटा होता, आणि त्याच्याच तुकड्यावर वाड्याचा जीव होता. तो आणि त्याची बायको दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल फिटली की पावसाळ्यात परत. सातबाऱ्यावर तीन एकरांचा शेतकरी म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळे भूमिहीनांसाठीच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव बसत नव्हतं.

१९८८ मध्ये त्याने अर्ज केला की मला जमिनीचा ताबा मिळालेला नाही. अर्जाची कागदपत्रं नातवाने मला दाखवली. त्यावर तेव्हाच्या कोणा कर्मचाऱ्याने टिपणी लिहिली होती: कब्जेपावतीवर अर्जदाराचा अंगठा आहे, पीकपाहणीत सलग 'खुद्द' नोंद आहे, सबब अर्जात तथ्य दिसत नाही. मी त्या कर्मचाऱ्याला दोष देत नाही. त्याच्यापुढे माझेच कागद होते. माझ्यानंतरच्यांनीही मागच्या वर्षीची नोंद पुढच्या वर्षी उतरवली होती.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. जवाहर विहिरींची योजना आली तेव्हा अल्पभूधारकांना अनुदानाच्या विहिरी मंजूर झाल्या. ओढ्याकाठच्या तुकड्यात एक मंजूर झाली. अर्ज कोणी भरला, अंगठा कधी घेतला, ते त्या कुटुंबाला नीट सांगता येत नाही. १९९१ साली मी मंडळ अधिकारी होऊन त्याच भागात परत आलो आणि एका तपासणीसाठी ओढ्याच्या रस्त्याने गेलो. गोल बांधलेली विहीर, पाणी तीन पुरुषांवर. कठड्याला पांढरा चौकोन रंगवलेला आणि त्यात निळ्या अक्षरात लाभार्थीचं नाव. त्याचं नाव. शेजारी अण्णांचं इंजिन धडधडत होतं आणि पाटाचं पाणी अण्णांच्या उसाला चाललं होतं. मी मोटारसायकल थांबवली, नाव वाचलं, गाडी सुरू केली. त्या वर्षी तो माणूस आणि त्याची बायको कोणाच्या तरी फडात दुसऱ्याचा ऊस तोडत होती.

मंडळ अधिकाऱ्याच्या हातात चौकशी लावणं होतं. मी ती लावली नाही. लावली असती तर पहिला प्रश्न कब्जेपावतीवर आला असता. इतकंच कारण होतं, दुसरं काही नाही.

१९९३ मध्ये तो वारला. वारसाचा फेरफार प्रमाणित करायला माझ्यापुढे आला. बायको, दोन मुलगे, एक मुलगी. १९५६ च्या वारसा कायद्याने चौघांचा हक्क सारखा. फेरफार मात्र एकट्या थोरल्या मुलाच्या नावाचा होता, नावापुढे 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आमच्याकडे ही फार जुनी सवय. मी ते लाल शाईने प्रमाणित केलं. आदल्याच वर्षी नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचं लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक निघालं होतं आणि त्यावर मी गावोगाव बोललो होतो. विधवेचं नाव लावायला तर अर्जाचीही गरज नव्हती, ते कायद्यानेच लागत होतं. दोन वर्षांनी थोरल्या मुलाने लग्नाच्या कर्जापायी वाड्याला स्टँपपेपरवर लिहून दिलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय अशी जमीन विकता येत नाही, त्यामुळे कायद्याने त्या कागदाला किंमत नाही. गावात मात्र होती. "तुझ्याच पोरानं दिली," हे त्या बाईला पुढची पंचवीस वर्षं ऐकावं लागलं.

मी २०१३ ला निवृत्त झालो. हार घातला, शाल दिली. भाषणात कोणीतरी म्हणालं, यांच्या दप्तरात कधी खाडाखोड नव्हती. ते खरं होतं.

नातू येऊन गेल्यावर आठवड्याने मी त्या गावी गेलो. त्या बाईंना गावात सगळे आक्का म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या. मी पिशवीत प्रतिज्ञापत्राचा मसुदा नेला होता: पावती सोप्यावर लिहिली, शेत दाखवलं नाही, पीकपाहणीच्या नोंदी जागेवर न जाता केल्या. मला वाटलं होतं की हा कागद दिला की माझ्या बाजूने फेडता येईल तेवढं फेडलं.

नातवाने वकील गाठला होता. वकील म्हणाले, "साहेब, हे देऊ नका. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. समोरचे म्हणताहेत की चाळीस वर्षं वहिवाट आमची. त्यांच्याकडे त्याचा एकही सरकारी कागद नाही, कारण प्रत्येक वर्षी तुम्ही लोकांनी खुद्द लिहून ठेवलंय. तुमचं प्रतिज्ञापत्र आलं की त्यांची वहिवाट तुम्हीच सिद्ध केली."

मी गप्प बसलो. माझ्या खोट्या नोंदीने १९८८ मध्ये त्या कुटुंबाचा अर्ज मारला होता, आणि आज तीच नोंद त्यांच्या हातातली एकमेव ढाल होती. खरं बोलायचं ठरवून मी गेलो होतो आणि ते खरं त्यांनाच बाधणार होतं.

आक्का चुलीपुढे बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, खोटं लिवलंत तवा माज्या मालकाला इचारलं न्हाई. आता खरं लिवायच्या आदी तरी मला इचारा."

मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून डब्यात ठेवला. तो कित्येक महिने तिथेच होता. हा लेखही त्यांना विचारून लिहितो आहे. गावाचं नाव आणि गट नंबर घालू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून घातलेले नाहीत.

मधल्या काळात आक्का, धाकटा मुलगा आणि मुलगी यांची नावं वारस म्हणून लागली. थोरला आता हयात नाही. मागच्या रब्बीत नातवाने मोबाईलवर ई-पीक पाहणी करायचं ठरवलं. २०२१ पासून खातेदाराला आपली पीकपाहणी आपणच करता येते, पण शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. त्याने मला बोलावलं. आक्काही आल्या. ओढ्यापलीकडच्या रस्त्यावर आम्ही तिघं थांबलो. शाळू कमरेएवढा होता. बांधावर वाड्याचा गडी उभा होता, तो काही बोलला नाही. नातवाने मोबाईल उघडला, खाते क्रमांक निवडला, आणि पिकाच्या रकान्यावर अंगठा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ज्वारी लिहू? पेरलीय त्यांनी."

तो रकाना मी चार वर्षं कोणाला न विचारता भरला होता. मी आक्कांकडे पाहिलं. त्या बराच वेळ शाळूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. दुसऱ्याचं पीक आपलं म्हनून न्हाई लिवायचं. जे दिसतंय त्येच लिवू द्या कुनाला तरी. मग काय हुईल ते हुईल."

वकिलांनी पुन्हा एकदा समजावलं. आक्का बदलल्या नाहीत. शेवटी वकिलांनीच अर्जाचा मसुदा नीट करून दिला, त्यात पहिली ओळ अशी की १९७८ मध्ये ताबा दिलाच गेला नाही, तो आता द्यावा. सोबत माझं प्रतिज्ञापत्र, डब्यातून काढलेलं, चुलीच्या धुराने कडा पिवळ्या पडलेलं. मी ते कार्यालयात सही करून दिलं.

सध्याच्या तलाठी तिशीतल्या आहेत. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गाव मात्र तलाठी मॅडमच म्हणतं. त्यांनी दोन्ही बाजूंना आणि लगतच्या खातेदारांना नोटिसा काढल्या आणि सांगितलं, सोमवारी सकाळी नऊला बांधावर भेटू. त्या नऊला आल्या. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. चपला हातात घेऊन पलीकडे गेल्या. चारही बांध चालल्या. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात घाणेरीत बुजलेला हद्दीचा दगड होता, तो कोतवालाला साफ करायला लावला. पीक कोणी पेरलं ते वाड्याच्या गड्याला विचारून त्याच्या शब्दांत लिहिलं. विहिरीपाशी गेल्या. कठड्यावरचा रंग उडाला होता, ओल्या कपड्याने पुसल्यावर पुसट निळी अक्षरं दिसली. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि पंचनाम्यात उतरवून घेतली. आक्का पूर्ण वेळ त्यांच्या मागे चालत होत्या, आणि मी आक्कांच्या मागे.

पंचनामा वाचून दाखवून सह्या झाल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. एका गटाला साडेतीन तास.